दोन हर्ट्झ

युरोपीय वाद्यवृंदासोबत कार्यक्रम होता. साउंडचेकला पियानोवादकाने पांढरी सहा, म्हणजे त्यांचा 'ए', वाजवली. माझ्या विद्यार्थिनीने पेटीवर तोच सूर धरला आणि सूर डोलायला लागला. सेकंदाला दोन हेलकावे, घड्याळ लावून मोजावेत असे. पेटी ४४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांची, पियानो ४४२ चा. फरक दोनाचा, म्हणून हेलकावे दोन. कार्यक्रमाला पाच तास होते.

४४० हे १९५५ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलं, तरी युरोपातले बरेच वाद्यवृंद ४४२-४४३ ला लावतात. मला हे ठाऊक होतं, आणि तरी मी आधी विचारलं नाही. आयोजकांनी माइक किती, खुर्च्या किती, बैठक किती उंच हे तीन-तीनदा विचारलं. स्वर कुठला, हे त्यांनीही नाही.

दोन हर्ट्झ म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण तेरावा भाग. गाणारा तेवढा सहज चढतो. तबलजी हातोडीचे चार ठोके देऊन वर येतो, तंबोऱ्याचा मणी सरकवला की झालं. पेटी जागची हलत नाही. 'स्केल चेंजर आहे ना?' असं तिघांनी सुचवलं. त्याने पट्ट्या सरकतात त्या अख्ख्या अर्ध्या स्वराने, त्याच्या तेराव्या भागाला त्याचा काही उपयोग नाही.

"सर, सूर घासूया ना?" तिने विचारलं. तिला मीच शिकवलं होतं ते. पेटीत आवाज देणाऱ्या पितळी पात्यालाही सूरच म्हणतात. त्याची जीभ मोकळ्या टोकाशी घासली की टोक हलकं होतं आणि सूर चढतो. रिव्हेटच्या बाजूला मुळाशी घासली की लवचीक होऊन उतरतो. जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा, दोन-तीनदाच हलकं खरवडायचं, सूर जागी बसवायचा, ऐकायचा. घासताना पितळ तापतं, त्यामुळे लगेच ऐकलेलं खरं नसतं. निवल्यावर पुन्हा ऐकावं लागतं. एका सुराला तीन मिनिटं धरा. ४२ पट्ट्यांची डबल सुरांची पेटी, पट्टीला दोन, म्हणजे ८४ सूर. आणि गेलेलं पितळ परत येत नाही. पुढे ४४० ला उतरवायची तर मुळाशी घासून जीभ आणखी पातळ करायची, मग तिचा आवाजही पातळ होतो. मी नको म्हणालो.

पियानो उतरवायचा? त्याच्या सव्वादोनशेच्या आसपास तारा, आणि दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्यांचा कार्यक्रम. सभागृहाने नकार दिला, तो रास्त होता. मग भात्याचा प्रयोग करून पाहिला. जोरात हवा दिली की सूर किंचित उतरतो, म्हणून अगदी हळू भाता मारला. हेलकावे थोडे संथ झाले, पण दहाव्या रांगेत पेटीच ऐकू येईना.

शेवटी पहिल्या दोन रचना बदलल्या. खटका बंद करून पेटीची एकच सूरमाळ ठेवली, म्हणजे पट्टीला एकच सूर. पियानो वाजला की त्याचा सूर विरेपर्यंत पेटीने थांबायचं, आणि एकत्र यायचंच तर खालच्या सप्तकात. तिथे हेलकावा सेकंदाला एकच पडतो, कान त्याला तंबोऱ्याची झुळूक समजून घेतो. तार सप्तकात तेच चार होतात आणि खरखर ऐकू येते.

तिसऱ्या रचनेत सगळी तंतुवाद्यं एकदम होती. तिथे पळवाट नव्हती. कुणीतरी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणला, ४४२ केला, पेटीचा आवाज निवडला. अर्ध्या मिनिटाचं काम. "तुमची लोकवाद्यं कुठेही जुळतील असं वाटलं होतं," असं वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले. याचा राग अजून गेलेला नाही. हार्मोनियमचं पेटंट १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेंनी घेतलं. हे वाद्य मुळात त्यांच्याच घरचं. आणि आपल्याकडे १९४० ते १९७१ आकाशवाणीने पेटीला बाहेर ठेवलं, तेही तिचे सूर जागचे हलत नाहीत म्हणूनच. दोन्हीकडच्या लोकांना तिची ही एक गोष्ट नीट कळलेली नाही असं मला वाटतं.

कार्यक्रम चांगला झाला, टाळ्याही भरपूर पडल्या. कीबोर्डवर विद्यार्थिनीची बोटं अचूक पडली. पण पेटीवादनाचा श्वास डाव्या हातात असतो. समेच्या आधी भाता किंचित रोखायचा, सम आली की सोडायचा, हे तिने तीन महिने घोटलं होतं. शेवटच्या तुकड्यात तो हात मांडीवर होता, आणि प्रत्येक समेला त्याची बोटं आत वळत होती. मी विंगेतून फक्त तेवढंच पाहत होतो.

परतताना ती म्हणाली, "सर, डावा हात कुठे ठेवायचा तेच कळत नव्हतं."

८४ सूर, तीन-तीन मिनिटं. सव्वाचार तास होतात. वेळ होता.