चहा टाकू?

बुधवारपासून तेच एक वाक्य डोक्यात फिरतंय. "काका, चहा टाकू?" रात्री सव्वाआठला. जेवायच्या वेळेला आलेल्या माणसाला कोण चहा विचारतं?

काका वह्या घेऊन आले होते. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून डझनभर फुलस्केप आणि वर कव्हरचे कागद, पावसात भिजू नयेत म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळून, परळहून भांडुपला, त्या संध्याकाळच्या गर्दीत. आणि माझ्या गॅसवर अंड्याचा रस्सा होता. सहा अंडी. दोन ह्यांना, दोन मुलाला, एक आईंना, म्हणजे सासूबाईंना, एक मला. दार उघडल्या उघडल्या मी मनात अंडीच मोजली आणि तोंडातून चहा आला.

"नको गं, आत्ताच घेतला स्टेशनवर." वीसेक मिनिटं बसले, मुलाशी नववीच्या गणितावर बोलले, आणि चप्पल घालताना म्हणाले, "वाटण मस्त भाजलंयस, खाली जिन्यापर्यंत वास येतोय." काकी असती तर मला एवढं लागलं नसतं कदाचित. जाऊ दे.

हे काही बोलले नाहीत. आई पण नाहीत. पण सकाळी पातेल्याचं झाकण काढलं तर रश्शात एक अंडं तसंच होतं. आईंनी घेतलंच नव्हतं.

मी काय मुद्दाम केलं का? जून म्हणजे काय असतो ते ज्याच्या घरी शाळेचं पोर आहे त्याला विचारा. फी, बूट, रेनकोट, क्लासचा पहिला हप्ता, सगळं एकदम. त्यात 1 जून ते 31 जुलै बोटी बंद, बाजारात जे मासे असतात ते बर्फातले आणि भाव असा की बघूनच पुढे जायचं. पालेभाजी घ्यावी तर चिखल आणि पाणीच जास्त, निवडून हातात अर्धी राहते. आठवड्याचे अडीच हजार ठरवलेत, दूध आणि वाणसामान सोडून, आणि त्यात बसवायचं म्हणजे रविवारी रात्री कालनिर्णयवरच्या कोऱ्या जागेत सगळं लिहून काढते. सोमवार मटकीची उसळ, मंगळवार दुधी-चणाडाळ, बुधवार अंडी, गुरुवार साधं वरण-भात आणि बटाट्याच्या काचऱ्या, शुक्रवार वांगं घालून सुकट, शनिवार खिचडी, रविवारी पाऊण किलो चिकन. गवार घेतली तर गाडीतच मोडून होते, दादरला बसायला मिळालं की भांडुपपर्यंत अर्धा किलो आरामात. मटकी रविवारीच भिजवायची, एक वाटीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होते, तीच मंगळवारच्या डब्यालाही पुरते. कुकरला वरण, भात, बटाटे एकदमच लावायचे, सिलिंडर चार-पाच दिवस तरी जास्त जातो. मला ह्या सगळ्याचा अभिमान आहे, खरंच आहे. दोन वर्षांत महिनाअखेरीला कुणाकडे हात पसरला नाही.

आणि तरी चहा.

आमच्या परळच्या खोलीत कुणी आलं तर आई "जेवून जा" म्हटल्याशिवाय सोडायचीच नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांची, संप मला आठवत नाही, पण त्यानंतरची वर्षं आठवतात, पप्पांची गिरणी त्यांच्यासाठी परत कधी सुरू झालीच नाही. तरी गावाहून कोण ना कोण यायचंच आणि आई त्यांना जेवायला बसवायचीच. उकडलेलं अंडं ती दोऱ्याने कापायची, दोऱ्याचं एक टोक दातात धरून, सुरीला बलक चिकटून वाया जातो म्हणून. हे आठवून मला गुरुवारी गाडीत रडू यायला लागलं, की आईकडे काही नव्हतं तरी ती म्हणायची आणि मी काय केलं.

पण शुक्रवारी दुसरंच आठवलं. पाहुणे असले की आई आम्हाला वाढताना पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायची. टक टक. म्हणजे आता नको म्हणायचं. मी आणि दादा लगेच "पोट भरलं" म्हणायचो. मला त्या टक टकचा एवढा राग यायचा की मी ठरवलं होतं, माझ्या घरात कुणाला खोटं पोट भरलं म्हणायला लागणार नाही, ज्याचं त्याला पूर्ण मिळेल. म्हणून तर मी मोजते. माणशी किती ते आधीच ठरलेलं. तेच ते, त्या मोजण्यातच काकांना जागा नव्हती. आईचं घर आमच्या पोटातून जागा काढायचं आणि माझ्याकडे जागा काढायलाच नको असं मी करून ठेवलंय. कोण बरोबर ते मला अजून कळत नाही. आणि आईंनी तर कुणी पळी आपटलेली नसताना अंडं ठेवलं.

काल आईंना विचारलं, का नाही घेतलंत. म्हणाल्या, "इच्छा नव्हती." एवढंच. मग लसूण सोलताना आपणहून म्हणाल्या, "अंडी फोडून पोळा करायचा, त्याच्या वड्या पाडायच्या आणि बटाटा घालून रस्सा करायचा. मोजायचं काम नाही." मी म्हटलं चव तशी येत नाही. "येते," म्हणाल्या.

आज रविवार. यादी करायला बसलेय. काकांना मघाशी फोन केला, वह्यांचं थँक्यू परत म्हटलं, मग म्हटलं बुधवारी जेवायलाच या. पलीकडे जरा वेळ काहीच नाही, मग म्हणाले, "कामावरून दमून येतेस, उगाच कशाला." मी म्हटलं या. "बरं. काही आणू का?" म्हटलं काही नको.

बुधवारच्या समोर अंडी सहाच लिहिलीत, वाढवली नाहीत, पैसे तेवढेच आहेत. बटाटे एकाचे दोन किलो केलेत आणि शनिवारची खिचडी आहेच. वाटण आत्ताच भाजून ठेवते, बुधवारी सव्वाआठला माझी नजर दाराकडे असली पाहिजे.