चांदी कुठाय?

चांदीच्या गावाचे जुने फोटो बघताना गंमत अशी होते की त्यात चांदी कुठेच दिसत नाही, दिसतं ते नुसतं लाकूड. मी बोलतोय अमेरिकेतल्या नेवाडामधल्या व्हर्जिनिया सिटीबद्दल. १८५९ मध्ये तिथे कॉमस्टॉक लोड ही चांदीच्या खनिजाची मोठी शीर सापडली आणि जिथे धड झाड नाही अशा वैराण उतारावर बघता बघता शहर उभं राहिलं. फोटो झूम करत गेलं (घरचे याला रिकामपणाचे उद्योग म्हणतात) की कळतं, घरं लाकडी, खाणींच्या शेड्स लाकडी, आणि मागचे डोंगर मात्र टक्कल पडल्यासारखे.

मग हे सगळं लाकूड गेलं कुठे, तर जमिनीखाली. इथला चांदीचा थर चांगला रुंद आणि आजूबाजूचा खडक ठिसूळ, त्यामुळे नुसते टेकू लावून भागेना. १८६० मध्ये फिलिप डाइडशायमर नावाच्या जर्मन इंजिनियरने जाड ओंडक्यांच्या चौकोनी चौकटी एकावर एक, एकाला एक जोडत रचायची युक्ती काढली, खणत जा आणि चौकट लावत जा. शेजारच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतली जंगलं त्यात गेली, वर बॉयलरनाही लाकूडच लागायचं, आणि ते डोंगरावरून खाली सोडायला व्ही आकाराची मोठ्ठी पन्हळ बांधली तीही लाकडाचीच, म्हणजे बोला!

हे आतलं दृश्य आपल्याला बघायला मिळतं ते टिमथी ओसुलिव्हन या फोटोग्राफरमुळे. क्लॅरन्स किंगच्या सरकारी सर्व्हेबरोबर तो १८६७ मध्ये नेवाडात आला, आधी यादवी युद्धाचे फोटो काढलेला माणूस. खाणीत अंधार, म्हणून मॅग्नेशियम जाळून उजेड केला. एका फोटोत अडचणीत कसाबसा बसलेला कामगार आहे, हातात टिकाव. दुसऱ्यात छत कोसळलंय आणि ते भलेथोरले ओंडके वाकडेतिकडे मोडून पडलेत, माणूस एकही नाही. मला हा जास्त आवडतो, आवडतो म्हणणं बरं दिसत नाही खरं तर, पण नजर तिथेच अडकते, कारण एवढं जंगल आत घालूनही डोंगर काही ऐकत नव्हता.

आणि ज्या काचेवर हे फोटो उमटले (तेव्हा फोटो काचेवरच काढायचे) तिच्यावर चांदीचेच क्षार, काच ओली असेपर्यंत फोटो काढून लगेच डेव्हलप करायचा, वाळली की गेलं. वाळवंटात! त्यासाठी तो खेचरांची गाडीच डार्करूम म्हणून घेऊन फिरायचा, वाळूच्या टेकड्यांमध्ये उभ्या असलेल्या त्या गाडीचाही एक फोटो आहे त्याचा.

ऑक्टोबर १८७५ मध्ये मोठी आग लागली आणि गावाचा बराच भाग जळाला, एवढं लाकूड म्हटल्यावर दुसरं काय होणार. पण खाली चांदी शिल्लक होती ना, मग पुन्हा बांधलं, आणि लाकडासाठी अर्थातच परत सिएराच्याच दारात.