फिट थांबत नसेल तर बी६ आठवा
नवजात बाळाला फिट आली की हातपाय जोरात उडतातच असं नाही हं, कधी नुसते ओठ चुटूचुटू हलतात, डोळे एका बाजूला खिळतात, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात. आधी साखर, कॅल्शियम, इन्फेक्शन बघतात, ते बरोबरच. पण औषधावर औषध देऊनही थांबेना तर पायरिडॉक्सिन म्हणजे व्हिटॅमिन बी६ देऊन बघायलाच हवं! बी६ दिल्यावरच थांबणारी ही एपिलेप्सी (फिट येण्याचा आजार) १९५४ पासून माहितीये, तिच्यामागचा जीन २००६ मध्ये सापडला, तरी ती उशिराच आठवते. शिरेतून साधारण १०० मिग्रॅ देतात, ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद) लावून, आणि श्वास थांबू शकतो म्हणून सगळी तयारी ठेवून. एका डोसने फरक नाही पडला म्हणून लगेच फुली मारू नये, जीन रिपोर्ट येईपर्यंत चालू ठेवतात, काही बाळांना तर बी६चं पीएलपी हे रूपच लागतं.