आठची उपासना

रविवार, २१ जुलै. रात्र.

सकाळपासून पावसाला खळ नाही. चर्चमध्ये आठच्या मराठी उपासनेला आम्ही सतरा जण, त्यातले तीन माझ्याच घरचे. पाळकांची बदली होऊन दोन महिने झाले, नवे अजून आले नाहीत, त्यामुळे शास्त्रपाठ, पदं, प्रार्थना सगळं मीच चालवलं. दहाला कन्नड मंडळी येते तेव्हा देऊळ भरतं. मंगळवारी कमिटीपुढे एकच विषय आहे: आठची आणि दहाची एक करायची का? कन्नडमध्ये.

माझा विरोधाचा अर्ज पर्समध्ये तयार आहे. त्याच्यासाठी आठवडाभर शास्त्र धुंडाळलं. पेंटेकॉस्टचा मुद्दा तर हाताशीच होता. पवित्र आत्मा उतरला तेव्हा सगळ्यांना एक भाषा दिली नाही. पार्थी, मेदी, एलामी, ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू आलं. म्हणजे मराठीवरचा हक्क वरूनच मंजूर! (सीमाभागात वाढलेल्या माणसाला हक्काचा मुद्दा फार लवकर सापडतो.) दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड, ते सरकारचं झालं. प्रार्थनेतही?

मग बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आणखी चार पानं पुढे गेले आणि सहाव्या अध्यायात अडकले. मंडळी नुकती कुठे उभी राहिली होती, तोवर यरुशलेमेत तिच्यात दोन गट पडायला आले, आणि तेही भाषेवरून. ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर अशी की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांना विचारत नाहीत. प्रेषितांनी दोन मंडळ्या केल्या नाहीत. सगळ्यांनी एकच भाषा बोला, असाही हुकूम काढला नाही. सात माणसं निवडा म्हणाले. निवडलेल्या सातांची नावं बघावीत, स्तेफनापासून नीकलावापर्यंत सगळी ग्रीक! तक्रार ज्यांची, वाटप बहुधा त्यांच्याच हाती दिलं. आमच्या कमिटीला हे सुचलं असतं का, शंकाच आहे. आम्ही आधी हार्मोनियम कुणाचं ते ठरवलं असतं.

या नादात शब्दांकडेही लक्ष गेलं. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे गावच्या नागरिकांना हाक घालून जमवलेली बैठक. कन्नड शास्त्रात तिला 'सभे' म्हणतात, आपल्यात 'मंडळी'. दोन्ही माणसांचीच नावं. दगडविटांच्या जागेला आम्ही देऊळ म्हणतो ते वेगळं. पहिल्या शतकांत तर बहुतेक ठिकाणी लोक कुणाच्या तरी घरातच जमत.

खरं सांगायचं तर माझं दुखणं शास्त्राचं नाहीच, पदांचं आहे. नारायण वामन टिळकांची पदं मला आईच्या मांडीवरून येतात. दहाच्या उपासनेत ती कोण म्हणणार? त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र. पदं आम्ही उचलली, दरबाराचं नाव कुणी काढत नाही.

उपासना सुटल्यावर मी बादल्या रिकाम्या करत होते (उत्तरेच्या खिडकीशी छप्पर गळतं). दहाचे पाळक लवकर आले होते. तोडक्या मराठीत म्हणाले, "टीचर, तुमच्यातली घरात बसून असलेली कोण हाईत? प्रभुभोजन मिळालंय काय त्यांना?"

मी गप्प. दोन महिन्यांत मला एकदाही सुचलं नव्हतं.

दुपारी त्यांना घेऊन बेळगावातल्या शहापूरला आमच्यातल्या एका आजींकडे गेले. आजींचे गुडघे गेलेत, खाटेवरूनच ओरडल्या, "या की, मंडळी आली म्हणायची! आत या, भिजलासा न्हवं." पाळकांनी कन्नडमध्ये प्रार्थना केली, मी मराठीत. प्रभुभोजनाची भाकर देताना ते कन्नडमध्येच बोलले आणि आजींनी न अडखळता "आमेन" म्हटलं. शहापुरात जन्म गेला, त्यांना कन्नड काय नवीन! मग चहावर गाडी आजोबांवर आली. "आमचे हे मला मंडळी म्हणायचे. लोकांत सांगायचे, आमची मंडळी माहेरी गेलीय." आणि पदर तोंडाला लावून हसल्या. प्रेषित पौल मंडळीला ख्रिस्ताची वधू म्हणतो. त्यावर मी कितीतरी उपदेश ऐकलेत, त्या हसण्याइतका एकही पटला नव्हता.

पाळकांनी ते हसू कळल्यासारखं मान हलवली. कळलं नसावं.

बाहेर पडताना म्हणाले, "अजून कोण?" चार नावं आठवली. पर्समध्ये दुसरा कागद नव्हता, अर्जाच्या पाठीवरच लिहून दिली. त्यांनी कागद उलटासुलटा केला, देवनागरी वाचता येईना, माझ्यापुढे धरला. मी वाचत गेले आणि ते त्याच कागदावर, माझ्या अक्षरांशेजारी, कन्नडमध्ये उतरवत गेले. घडी घालून खिशात ठेवला.

मंगळवारी द्यायचा तर अर्ज पुन्हा लिहावा लागेल.