६६ पैकी ६४

वही लांबट होती, दुकानात उधारी लिहायला असते तशी, लाल कापडी पाठीची. पहिल्या पानावर १९६९ साल, शेवटच्या नोंदीसमोर ६६ हा आकडा आणि त्याभोवती दोनदा फिरवलेला गोल. टेबलावर ती ठेवून काका म्हणाले, "मॅडम, माझं तर काहीच राहिलं नाही. मी बाकीच्यांचं ऐकायला येऊन राहिलो."

सप्टेंबरातला रविवार होता. अगाथा ख्रिस्तीचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा, त्याच्या अलीकडचा रविवार पाहून नागपूरच्या आमच्या वाचनालयाने तिच्या वाचकांना बोलावलं होतं. विषय एकच: तुम्ही तिचे एवढे चाहते, तर तिचं कोणतं पुस्तक अजून वाचलेलं नाही ते सांगा. हेतू खरेदीचा होता. आमच्या यादीप्रमाणे तिच्या ६६ रहस्यकादंबऱ्यांपैकी ३९ आमच्याकडे होत्या, २७ नव्हत्या. 'ब' वर्गाच्या, म्हणजे बेताच्या सरकारी अनुदानाच्या, वाचनालयात इंग्रजी पुस्तकांच्या वाट्याला जे येतं त्यात २७ एकदम बसत नाहीत. म्हणून जे पुस्तक जास्त जणांचं राहिलंय ते आधी घ्यायचं असं ठरलं.

राहिलेलं पुस्तक सांगताना माणसं आवाज खाली आणतात. धरमपेठेतली एक कॉलेजची मुलगी 'अँड देन देअर वर नन'चं नाव घेताना टेबलाकडे बघत होती. सिनेमा आधी पाहिला, आता खुनी माहीत आहे, मग वाचू कशाला, असं तिचं म्हणणं. तिला लगेच सांगितलं की वाच, कारण त्या कादंबरीचा शेवट आणि तिच्याच नाटकाचा शेवट एक नाही. ख्रिस्तीने १९४३ च्या नाटकासाठी शेवट स्वतः बदलला आणि बरेचसे सिनेमे नाटकाच्या वाटेने गेले. याच पुस्तकाने याद्यांमध्ये घोळही सगळ्यात जास्त घातलाय. १९३९ च्या मूळ ब्रिटिश नावात वंशवाचक शब्द होता, अमेरिकेत १९४० मध्ये ते बदललं, पुढे 'टेन लिटल इंडियन्स' या नावानेही आवृत्त्या निघाल्या. पुस्तक एक, नावं तीन.

नावं मोजत गेलं तेव्हाच आमची २७ ची यादी डळमळायला लागली. ख्रिस्तीची पुस्तकं इंग्लंडात एका नावाने आणि अमेरिकेत दुसऱ्याच नावाने निघत. 'लॉर्ड एजवेअर डाइज' म्हणजे 'थर्टीन अ‍ॅट डिनर'. 'फाइव्ह लिटल पिग्ज' म्हणजे 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट'. '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन'चं अमेरिकेत 'व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!' झालं. 'हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस'ला तर तिकडे एकापाठोपाठ दोन नावं मिळाली, 'मर्डर फॉर ख्रिसमस' आणि 'अ हॉलिडे फॉर मर्डर'. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर आणि रद्दीच्या ढिगात दोन्ही बाजूंच्या आवृत्त्या येत राहिल्या. दाखल रजिस्टरात कव्हरवरचं नाव उतरवलं गेलं की एकच कादंबरी दोन वेगळ्या नावांनी बसते. चहा येईपर्यंत चार पुस्तकं अशी निघाली जी कपाटात होती, पण अमेरिकन नावाने. २७ ची यादी २३ वर आली.

हे टाळायचं तर कव्हर बघायचं नाही. नावाचं पान उलटायचं, त्याच्या मागच्या पानावर मुद्रणाचा तपशील असतो. तिथलं पहिल्या प्रकाशनाचं साल घ्यायचं, आणि अमेरिकन आवृत्ती असेल तर बारीक अक्षरात मूळ नाव दिलंय का ते शोधायचं. आपली यादी नेहमी मूळ ब्रिटिश नावाने आणि पहिल्या प्रकाशनाच्या सालाने करायची, १९२० च्या 'द मिस्टेरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'पासून १९७६ च्या 'स्लीपिंग मर्डर'पर्यंत. अमेरिकन नाव शेजारच्या रकान्यात. अकारविल्हे यादी करू नये, त्यात जुळी भावंडं एकमेकांपासून लांब जातात आणि ओळखू येत नाहीत.

कथासंग्रहांचा हिशेब संग्रहाने होतच नाही, तो कथेने करावा लागतो. 'पॉयरो इन्व्हेस्टिगेट्स' १९२४ मध्ये इंग्लंडात निघालं त्यात ११ कथा, पुढच्या वर्षी अमेरिकेत निघालं त्यात १४. जास्तीच्या तीन कथा इंग्लंडातल्या वाचकांना पुस्तकात मिळाल्या त्या थेट १९७४ च्या 'पॉयरोज अर्ली केसेस'मध्ये. म्हणजे "तो संग्रह वाचला" एवढ्याने काही कळत नाही, कोणता वाचला ते विचारावं लागतं.

एका जोडप्याने मेरी वेस्टमकॉटचं नाव काढलं आणि तिथे चूक वाचनालयाची निघाली. या टोपणनावाने ख्रिस्तीने १९३० ते १९५६ या काळात सहा कादंबऱ्या लिहिल्या. खून नाही, पोलीस नाही. आई-मुलगी, नवरा-बायको, आपणच आपल्याला फसवत असतो ते. लेखिका कोण हे १९४९ पर्यंत बाहेर आलं नव्हतं. सहापैकी दोन आमच्याकडे होत्या, पण 'व' खाली, प्रेमकथांच्या फळीवर. ख्रिस्तीचा वाचक तिथे जाणार कशाला, आणि प्रेमकथा वाचणाऱ्याला 'अ‍ॅबसेंट इन द स्प्रिंग'मध्ये हवं ते मिळणार नाही. वाळवंटात गाडी न आल्याने एकटी पडलेली मध्यमवयीन बाई आणि तिचे विचार, एवढाच त्याचा ऐवज. पण तो फार मोठा आहे. दोघांनी सहातलं एकही वाचलं नव्हतं. त्याच दिवशी तालिकेत जोडकार्ड टाकलं: 'वेस्टमकॉट, मेरी, पाहा: ख्रिस्ती, अगाथा'. पुस्तकंही हलवली.

काही पुस्तकं राहिलेली नसतात, टाकून दिलेली असतात. १९७० चं 'पॅसेंजर टू फ्रँकफर्ट' तिघांनी निम्म्यात सोडलं होतं. १९७३ चं 'पोस्टर्न ऑफ फेट' दोघांनी. ही तिची उतारवयातली पुस्तकं आहेत, पात्रं तेच तेच बोलत राहतात आणि धागा हातातून सुटतो. 'पोस्टर्न' हे तिने लिहिलेलं शेवटचं. त्यानंतर छापली गेलेली 'कर्टन' आणि 'स्लीपिंग मर्डर' ही दोन्ही बरीच आधी लिहून राखून ठेवलेली होती. प्रकाशनाच्या क्रमाने वाचणाऱ्याचा उत्साह नेमका या ठिकाणी संपतो आणि पुढची दोन भक्कम पुस्तकं त्याच्या हाती लागतच नाहीत. माझं मत असं की ही दोन दुबळी पुस्तकं मधे कुठेतरी, दोन चांगल्यांच्या बेचक्यात वाचावीत. तिच्यावर प्रेम असेल तर वाचावीत मात्र नक्की.

क्रमाचं पथ्य एका ठिकाणी फार कडक आहे. १९३७ च्या 'डंब विटनेस'मध्ये तिचा गुप्तहेर पॉयरो बोलता बोलता आधीच्या चार खुन्यांची नावं सांगून टाकतो. 'स्टाइल्स', 'रॉजर अ‍ॅक्रॉइड', 'ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स' वाचून झाल्याशिवाय ते हातात घेऊ नये. आता आमच्या प्रतीत आत तशी चिठ्ठी चिकटवलेली आहे.

धंतोलीच्या डॉक्टरबाईंचं एकच राहिलं होतं, आणि ते त्यांनी राखलं होतं. पॉयरोच्या ३३ कादंबऱ्यांपैकी ३२ वाचून झालेल्या. 'कर्टन' घरी आहे, विकत घेतलेलं, अठरा वर्षं झाली. पॉयरोचं शेवटचं प्रकरण काय होतं हे त्यांना ठाऊक आहे, कुणापासून लपून राहिलेलंही नाही. १९७५ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर त्याची मृत्युवार्ता छापली होती. "रोज पेशंट बघते," त्या म्हणाल्या, "हा एक मला बघायचा नाही." यावर कुणी काही बोललं नाही. खरेदीच्या यादीत त्यांच्या नावापुढे रेघ मारली.

मग सगळ्यांनी काकांची वही मागितली.

काका रेल्वेत गार्ड होते, आमला आणि इटारसीच्या बाजूला गाड्या नेत. वाचन रनिंग रूममधलं, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीतलं. ड्युटी संपवून आलेली माणसं पुस्तकं तिथेच सोडून जात, पुढचा उचलत असे. म्हणून वहीत नावापुढे वाचल्याचं साल आणि गावंही होती: इटारसी, आमला, बल्लारशा, घर. त्यांची मोजण्याची पद्धत गुप्तहेराप्रमाणे होती. पॉयरो ३३, मिस मार्पल १२, टॉमी आणि टपेन्स ४. इथपर्यंत ४९, आणि आमच्या सालवार यादीशी ती एकेक करून जुळली. आता उरल्या १७, ज्यांत या तिघांपैकी कुणीच नाही.

गडबड होते ती या सतरांतच. कव्हरवर पॉयरोचं नाव नसतं, मालिकेचा आकडा नसतो, दुकानदार ती पुढे ठेवत नाही, आणि वाचणाऱ्यालाही आपण काय वाचलं हे नायकाच्या आधाराने आठवत नाही. काकांच्या वहीतली सतरा नावं मी वाचत गेले, शेजारच्याने यादीवर पेन्सिलने टिंबं दिली. 'द सिटाफोर्ड मिस्ट्री', १९७४, घर. आणखी सहा नावांनंतर 'द मर्डर अ‍ॅट हेझलमूर', १९९१, इटारसी.

पेन्सिल थांबली. बर्फात अडकलेलं गाव, टेबलाभोवती बसून आत्मा बोलावणारी मंडळी, खून झाल्याचा निरोप. १९३१ ची एकच कादंबरी, हेझलमूर हे तिचं अमेरिकन नाव.

काकांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. बोटाने दोन्ही ओळी धरून ठेवल्या. "इटारसीला वाचताना खुनी मी आधीच ओळखला होता," ते म्हणाले, "मला वाटलं, इतकी वर्षं वाचून डोकं चालायला लागलं."

दुसरी नोंद 'ब्लॅक कॉफी'ची. पॉयरो त्यात आहे, पण ते ख्रिस्तीचं १९३० चं नाटक. कादंबरी केली ती चार्ल्स ऑस्बर्न यांनी, १९९८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. कव्हरवर तिचं नाव मोठं असतं, त्यामुळे ही चूक कुणाचीही होते. ६६ मध्ये ते धरत नाहीत. काकांनाही तेहतीस पॉयरो आधीच भरल्याने ते कुठे बसवावं कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते सतरांत टाकलं होतं.

म्हणजे ६४. यादीवर टिंब नसलेल्या दोन ओळी राहिल्या होत्या: 'डेथ कम्स अ‍ॅज द एंड', १९४४, आणि 'एंडलेस नाईट', १९६७.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. छप्पन्न वर्षं एका माणसाने जपलेला आकडा आपण मोडला, असं वाटून माझ्या पोटात खड्डा पडला. काका मात्र खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे दोन आहेत?" त्यांनी विचारलं. "मी न वाचलेली? दोन?" मग डॉक्टरबाईंकडे वळून, "बाप्पा! दोन आहेत हो."

दोन्ही अशी निघाली की यापेक्षा चांगली राहूच नयेत. 'डेथ कम्स अ‍ॅज द एंड' प्राचीन इजिप्तमधलं आहे, इसवी सनापूर्वी २००० च्या सुमाराचं. नाईलकाठचं एका पुरोहिताचं घर, म्हातारा बाप तरुण रखेल घेऊन येतो आणि घरातली माणसं एकेक करून मरायला लागतात. ख्रिस्तीचा नवरा पुरातत्त्वज्ञ होता, पण हा विषय तिच्या गळ्यात घातला तो स्टीफन ग्लॅनव्हिल या इजिप्तच्या अभ्यासकाने. बोटांचे ठसे नाहीत, पोलीस नाहीत, घड्याळसुद्धा नाही. 'एंडलेस नाईट' एका गरीब तरुणाने स्वतः सांगितलेलं आहे, आणि त्याबद्दल याहून एक शब्दही जास्त सांगू नये.

इजिप्तचं पुस्तक फळीवरच होतं. 'एंडलेस नाईट' दुरुस्तीच्या गठ्ठ्यात निघालं. नागपूरच्या उन्हाळ्यात पेपरबॅकच्या पाठीचा गोंद तडकतो, कूलरच्या ओलीने पुन्हा फुगतो, आणि दोन-तीन मे महिन्यांत पानं सुटायला लागतात. आधी सुटतात ती शेवटची, म्हणजे रहस्यकथेत नेमकी नको ती. या प्रतीची पानं मोजली, सगळी होती, पण तीन गठ्ठे मोकळे. अशा पुस्तकाला कडेने टाचून घेऊ नये. आतला समास आधीच अर्ध्या इंचाहून कमी असतो, टाचल्यावर ओळीची टोकं शिवणीत जातात आणि पुस्तक उघडायला जोर लावला की पान फाटतं. जुना गोंद खरवडायचा, पाठीला आडव्या खाचा पाडायच्या, त्यात दोरा बसवून वरून चिकटवायचं, मग कापड. खळीत चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. आमच्या बाइंडरला या कामाला आठवडा लागतो.

काकांनी वहीतल्या हेझलमूरवर आणि ब्लॅक कॉफीवर पट्टी धरून रेघ मारली. ६६ च्या गोलाखाली ६४ लिहिलं. पुस्तकाच्या तारीखपट्टीवर मी शिक्का मारला, पंधरा दिवसांचा. दुसरं आठवड्याभरात तयार ठेवते म्हटलं, तसे ते दारापर्यंत गेलेले परत आले.

"बाइंडरला घाई नका करू, मॅडम," ते म्हणाले. "सावकाश होऊ द्या."