पाण्यात उभं राहून वाळलेलं डाळिंब

दुष्काळी भागातली काटक झाडंही का मरतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कोल्हापुरात माझी छोटी रोपवाटिका आहे आणि माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडीचं. हे कळलं की रोपं न्यायला आलेली माणसं हमखास विचारतात, ‘तुमच्या तिकडं आता पाऊस बरा पडतोय म्हणे. मग लोकांनी डाळिंबाच्या बागा का काढल्या? दुष्काळी भागातली झाडं तर काटक असतात ना?’

काटक असतातच. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी बाग ताणावर सोडावी लागते. पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, छाटणी करायची आणि मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. कोरडेपणा आमच्याकडं हाताशी धरून शेती होते. शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचंही तेच. हस्ताच्या पावसावर पेरला की पुढं काळ्या रानातल्या ओलीवर निभावतो. ऊन चढलं की पानं गुंडाळून घेतो, ओल कमी पडली की वाढ आवरतो, मिळाली की पुन्हा अंग धरतो. पण हे सगळं कधी कोरडं आणि कधी ओलं, या ठरलेल्या क्रमावर चालतं. तो क्रम मोडला की काटकपणा कामाला येत नाही.

२०२० च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र थेट महाराष्ट्रावरून गेलं आणि सोलापूर-सांगलीकडं पावसानं झोडपून काढलं. आठवडाभरानं मी गावी गेले. भावाच्या बागेत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला धरलेल्या बहाराची फळं चांगली फुगलेली होती. सऱ्यांमध्ये अजून पाणी तुंबलेलं आणि झाडांची पानं मात्र पाणी तोडल्यासारखी मलूल, शेंडे खाली पडलेले. भाऊ म्हणाला, ‘‘आक्का, पाण्यात हुबं हाय आन् वाळाय लागलंय बघ.’’ त्यानं बुडाशी खुरप्यानं उकरलं. पांढरी मुळी काळी पडली होती. मी एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत दोऱ्याएवढा गाभा तेवढा राहिला. मातीला गटारीसारखा वास येत होता.

मुळी पाणी ओढते त्याला ताकद लागते आणि ताकदीला हवा लागते. मातीच्या कणांमधली हवा पाण्यानं हुसकली की मुळी गुदमरते, काम थांबवते, मग कुजते. झाडाच्या वरच्या अंगाला तो दुष्काळच. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पोंग्यापर्यंत, म्हणजे शेंड्यापर्यंत बुडालेल्या उसाचं काय झालं, ते शिरोळ-करवीरच्या माणसांनी पाहिलंय.

फळांची तऱ्हा आणखी वेगळी. पाऊस नसताना डाळिंबाची साल टणक होते, तिची ताणायची शक्ती जाते. मग एकाएकी मुबलक पाणी आलं की आतले दाणे फुगतात आणि साल उकलते. त्या बागेत चालताना पायाखाली तडकलेली लाल फळं येत होती. जी शाबूत राहिली, त्यांच्यावर पुढं दमट हवेनं तेल्या हा डागांचा रोग आला. शेजारच्या रानात शाळू पेरायचा होता, तर रानाला घातच येईना, म्हणजे माती पेरणीजोगी सुकेना. पेरणी मागं गेली की दाणा भरायच्या वेळी उन्हाचा चटका लागतो. एका पावसाचे भोग असे चार महिने पुरतात. कागदावर मात्र त्या वर्षीच्या पावसाची सरासरी झकास दिसते. म्हणून नुसती सरासरी सांगणाऱ्याचा मला राग येतो.

उष्णतेचंही असंच. आपण दुपारचा पारा बघतो, झाडाला मात्र रात्र महत्त्वाची असते. दिवसभर कमावलेलं अन्न झाड रात्री श्वासात खर्च करतं आणि रात्र जितकी गरम, तितका खर्च जास्त. ॲरिझोनातल्या सग्वारोपेक्षा काटक झाड कुठलं सांगाल? हा निवडुंग दिवसा रंध्रं मिटून बसतो आणि गार रात्री उघडून हवा घेतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला, रात्रीही निवल्या नाहीत. तिथल्या सग्वारोंच्या फांद्या गळून पडल्या, काही अख्खे कोसळले. वाळवंटातच जन्मलेली झाडं होती ती. ती बातमी वाचून मला भावाची बाग आठवली आणि रात्री झोप लागली नाही.

भावानं दोन एकर बाग उपटून काढली. पुढच्या वर्षी नवी लावताना उंच बेड केले आणि रानाच्या कडेनं चर काढला. आमच्या वडिलांच्या पिढीनं पाणी अडवायला चर खणले होते. हा पाणी बाहेर काढायला खणत होता. ‘‘दोन्ही लागतील आता,’’ म्हणाला.

तेव्हापासून जत, कवठेमहांकाळकडचं कुणी डाळिंबाची किंवा सीताफळाची रोपं न्यायला आलं, की मी आधी विचारते, ‘रानात पाणी किती दिवस तुंबतं?’ बहुतेक जण चमकतात. ‘बाई, आमच्याकडं पाणीच कुठं असतं?’ म्हणतात. मग मी त्यांना बाकड्यावर बसवते आणि त्या मुळीचं सांगते.