कॉलेजात असताना कुत्रा पाळायचाय? आधी सोसायटीचं पत्र हातात घ्या

कॉलेजात शिकत असताना कुत्र्याचं पिल्लू आणावं की नाही, यावर मला ज्याने त्याने सल्ला दिला. खर्च झेपेल का, अभ्यासाचं काय, सुट्टीत कोण बघणार. सगळे प्रश्न रास्त होते. पण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याचं घोडं शेवटी एका कागदावर अडतं, हे मला कुणीच सांगितलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे. राग अजून पुरता गेलेला नाही, तो मधूनमधून दिसेल.

मी लातूरची. पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कर्वेनगरला आम्ही तिघी मैत्रिणी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. रस्त्यावरची पिल्लं घरी सांभाळून त्यांना घरं शोधून देणाऱ्या एका ताईंकडे पावसाळ्याच्या तोंडावर पाच पिल्लं आली होती. त्यातलं एक काळं, पुढचे दोन्ही पंजे पांढरे. ते मला हवं होतं.

ताईंनी आधी फॉर्म दिला. घरी कोण कोण असतं, दिवसभरात पिल्लू किती वेळ एकटं राहील, वय झाल्यावर नसबंदी करून घेणार का, आईवडिलांचा फोन नंबर, आणि घरमालकाची व सोसायटीची लेखी संमती. आईवडिलांचा नंबर मागितलेला मला फार आवडला. शिकणाऱ्या मुलीने कुत्रा घेतला की चार वर्षांनी तो कुणाच्या तरी दारात जाणार, हे ताईंनी पाहिलेलं असणार.

आईला फोन केला तर ती खर्चाबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "अगं, डिग्री झाल्यावर तुला नोकरी कुठं लागेल ते तुला तरी ठाऊक आहे का? त्याला कुठं कुठं नेशील?" देशी कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे मी पस्तिशीला आले तरी तो माझ्याबरोबर असणार. मी तिला सांगितलं, जिथे कुत्रा चालेल तिथेच घर घेईन, पगार कमी पडला तर लांब राहीन. हे बोलताना मला स्वतःलाच कळलं की माझं ठरलेलं आहे. आई म्हणाली, "मग मे महिन्यात इकडं आण, बाबांना मी सांगते."

राहिला वेळेचा हिशेब. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागतं, आणि जागं असताना तासा-दोन तासांनी शू. डीएचपीपी या पार्व्हो, डिस्टेंपरसारख्या रोगांवरच्या एकत्रित लशीचे डोस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर, इतर कुत्र्यांमध्ये न्यायचं नाही, कारण पार्व्हो हा जुलाब-उलट्यांचा विषाणू पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवू शकतो. आम्ही तिघींनी आपापली टाइमटेबलं फ्रिजवर चिकटवली आणि कोण कधी घरी असतं ते रंगीत पेनांनी भरलं. मंगळवार आणि गुरुवारची दुपार कोरी राहिली. पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे पॉमेरियन आहे, त्या म्हणाल्या, दुपारचं मी बघते. झालं, प्रश्न मिटला असं वाटलं.

आता मुख्य गोष्ट.

घरमालक काका नाशिकला असतात. फोनवर म्हणाले, "पाळा की, मला काही अडचण नाही. फक्त सोसायटीने लेखी दिलं की मी लगेच पत्र देतो." सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "आधी घरमालकाचं पत्र आणा, मग कमिटीपुढे ठेवू." काकांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, सोसायटीच्या आधी मी कसं देऊ, उद्या मलाच नोटीस यायची. दोघंही माझ्याशी गोड बोलत होते आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते. पिल्लू रोज वाढत होतं.

शेवटी मी काकांना एक मधला मार्ग सुचवला. "सोसायटीच्या नियमांच्या अधीन राहून माझी हरकत नाही" एवढं एक वाक्य लिहून, सही करून, फोटो पाठवा. ते त्यांना पटलं, त्याच संध्याकाळी फोटो आला. तुमचाही घरमालक असा अडला असेल तर हे वाक्य सुचवा. त्याची जबाबदारी वाढत नाही आणि तुमचं काम पुढे सरकतं.

ते पत्र घेऊन गेले तर कमिटीची मीटिंग पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात गणपती. गणपतीनंतर मीटिंग झाली, पण कोरम नव्हता, म्हणजे पुरेसे सभासद आले नव्हते, म्हणून विषय घेतलाच नाही. मग एका संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि चालता चालता म्हणाले, "भाडेकरूंनी प्राणी पाळायचे नाहीत असा आपला जुना ठराव आहे." हे इतक्या दिवसांनी! मी ठरावाची प्रत मागितली. शोधतो म्हणाले. ती प्रत मला आजतागायत कुणी दाखवलेली नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हाच दोन लॅब्रॅडॉर आणि आजींचा पॉमेरियन होता. तिघंही लिफ्टने जातात, बागेत फिरतात, कुणाची तक्रार नाही, आणि नसावीच. माझ्या वेळेला मात्र एक सभासद मला तोंडावर म्हणाले, "ते गावठी आहे, भुंकणार, चावणार." अडीच महिन्यांच्या पिल्लाबद्दल! मालक राहत असेल तर कुत्रा चालतो, भाडेकरू राहत असेल तर नाही. ब्रीडचा असेल तर चालतो, रस्त्यावरचा असेल तर नाही. हा भेद मला तेव्हाही सहन झाला नाही आणि आजही होत नाही. भाडं आम्हीही वेळेवर भरतो, जिना आम्हीही स्वच्छ ठेवतो.

मग मी वाचायला घेतलं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत. कुत्रा पाळणाऱ्यांनाही सांगितलंय की सामाईक जागेत कुत्रा पट्ट्याला बांधलेला असावा आणि घाण उचलावी. राज्यघटनेच्या कलम 51क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून दिलंय. भाडेकरूला घरमालकाची संमती लागतेच, त्यातून सुटका नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात प्राणी न पाळण्याची अट आहे का तेही बघा. आमच्या अकरा महिन्यांच्या करारात तशी अट नव्हती. असती तर पुढचं सगळं भांडण व्यर्थ होतं.

या सूचनांची प्रिंट, काकांचं पत्र आणि माझा अर्ज असा गठ्ठा घेऊन गेले. दोन प्रती केल्या होत्या, एकीवर पोच हवी होती. सेक्रेटरी म्हणाले, पोच कशाला, आपण काय परके आहोत का. मी म्हटलं, काका, मग सही द्यायला हरकत काय आहे? दिली नाही. दुसऱ्या दिवशी तोच गठ्ठा सोसायटीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवला आणि ईमेलही केला. अर्ज टपालाने पाठवला की त्याचा पुरावा राहतो, जिन्यातल्या बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही. मी हे पहिल्या आठवड्यात केलं असतं तर ते काळं पिल्लू आज माझ्याकडे असतं, असं मला ठामपणे वाटतं. तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

पुढच्या मीटिंगला आजी स्वतः गेल्या. त्या सभासद आहेत, मला आत बोलायचा अधिकार नव्हता. त्यांनी विषय काढला, चर्चा करायला लावली आणि उठेपर्यंत उत्तर घेतलं. अशी एक व्यक्ती बिल्डिंगमध्ये असणं फार मोलाचं आहे. फ्लॅट घेतल्यावर शेजारच्यांशी ओळख ठेवा ती यासाठीही.

पत्र मिळालं त्यात लिहिलं होतं, "सदनिका धारकाच्या भाडेकरूंनी पाळीव श्वान ठेवण्यास संस्थेची हरकत नाही. श्वानास सामाईक जागेत पट्ट्याविना सोडू नये. श्वानासाठी लिफ्टचा वापर करू नये." पहिली दोन वाक्यं मान्य, तिसरं नाही. मी तिथेच उभी राहून सूचनांमधला लिफ्टचा परिच्छेद वाचून दाखवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सेक्रेटरींनी ते वाक्य पेनाने खोडलं, बाजूला सही केली आणि बिस्किटाच्या डब्यातून शिक्का काढून मारला. त्या खोडलेल्या ओळीचा मला अभिमान आहे. आता या बिल्डिंगमध्ये पुढच्या भाडेकरूला चार मजले कुत्रा उचलून न्यावा लागणार नाही.

पण काळं पिल्लू गेलं होतं. ताई म्हणाल्या, "पिल्लू थांबत नाही गं, मी तरी किती ठेवणार?" एका कुटुंबाने नेलं, चांगलं घर मिळालं. मी दोन दिवस कॉलेजला गेले नाही.

मग ताईंनी तांबडी दाखवली. दोन वर्षांची, देशी, नसबंदी झालेली, लशी पूर्ण, घरात शू न करणारी. मला पिल्लूच हवं होतं, पण फ्रिजवरचं टाइमटेबल पुन्हा नीट बघितलं. सबमिशनच्या आठवड्यात आम्ही तिघी रात्र रात्र कॉलेजात असतो, ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे डिझाइन मांडायच्या दिवशी सकाळी आठला गेलेलं माणूस रात्रीच परत येतं. आमच्या रंगीत पेनांत तो आठवडा कुठे धरलाच नव्हता. मोठा कुत्रा सहा-सात तास एकटा झोपून काढतो, दोन महिन्यांचं पिल्लू नाही काढू शकत. कॉलेजात असाल आणि घरात दिवसभर कुणी नसेल तर पिल्लाच्या मागे लागू नका, दोन-तीन वर्षांचा कुत्रा घ्या, हे माझं स्पष्ट मत झालंय. ताईंनी पंधरा दिवस आधी सांभाळून बघायला दिलं आणि मगच कागद केले. असं कुणी देत असेल तर जरूर घ्या.

आता आठवतील तशा गोष्टी सांगते. गावी न्यायचं असेल तर रेल्वेत कुत्रा फक्त फर्स्ट एसीच्या केबिनमध्ये किंवा कूपेमध्ये चालतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये नाही. पेटीत मी तिला कधीच टाकणार नाही, म्हणून दिवाळीला आम्ही चौघा लातूरकरांनी मिळून गाडी केली. शिजवलेल्या कोंबडीची हाडं देऊ नका, ती टोकदार फुटतात. भात, अंडं आणि हाडं काढलेलं चिकन आमच्याकडे चालतं, कांदा त्यात चुकूनही पडू देत नाही. महिन्याचा खर्च तिघींत वाटला की जड जात नाही, पण अचानक आजारपण आलं तर म्हणून एक वेगळं पाकीट भरून ठेवलंय.

महापालिकेचा कुत्र्याचा परवानाही काढा. त्याला रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि लस दर वर्षी द्यायची असल्यामुळे ते कार्ड जपून ठेवा. रूममेट बदलणार असेल तर नवीन मुलीला फ्लॅट दाखवायच्या आधीच फोनवर सांगा की घरात कुत्रा आहे. आणि करार संपायच्या दोन महिने आधी घरमालकाशी बोला, नव्या करारात "भाडेकरूने एक श्वान पाळण्यास संमती आहे" ही ओळ टाकून घ्या. आमचा करार मार्चमध्ये संपतोय, काकांना मी ती ओळ आत्ताच पाठवून ठेवली आहे.